केरबाची हायब्रीड आणि वैजूचं लग्न

हिवरदरा गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, आणि त्याच्या बायकोचा, अनुसयेचा, तर पोराबाळांसमोर सांगण्यासारखाच नाही.

या केरबाने एकदा तालुक्याला जाऊन जुनी हायब्रीड गाडी विकत घेतली. हायब्रीड म्हटल्यावर त्याला फक्त ज्वारी माहीत होती. त्याने विकणाऱ्याला विचारलं, हिला खत किती लागतं? विकणाऱ्याने ओळखलं की गिऱ्हाईक चांगलं आहे. त्याने समजावून सांगितलं की या गाडीच्या पोटात पेट्रोलचं इंजिनही आहे आणि एक मोठी बॅटरीही आहे. कधी ती याच्यावर चालते, कधी तिच्यावर. केरबाने मान हलवली. त्याला मान हलवता फार छान येत असे.

आठ दिवसांत गाडीत लाल दिवा लागला आणि गाडी आचके देऊ लागली. केरबा ती याकूब मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्रीने मागचं दार उघडलं, तर सीटवर कोंड्याची चार पोती. मिस्त्रीने पोती बाहेर काढली आणि सीटच्या कडेची एक जाळी दाखवली. म्हणाला, "केरबाभाऊ, मोठी बॅटरी या सीटखाली आहे. ही जाळी म्हणजे तिचं नाक. तुम्ही नाकावर पोती ठेवलीत. हिला हवा लागू द्या."

केरबाने ते मनावर घेतलं. घरी येऊन त्याने गाडीची चारही दारं उघडली, डिकी उघडली, बॉनेट उघडलं आणि गाडी दहा दिवस तशीच अंगणात ठेवली. अनुसयेने दोनदा विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, हवा लागतेय. पुढच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली. अकराव्या दिवशी केरबाने कोंबडी उठवली, बटण दाबलं, तर गाडी ढिम्म.

मिस्त्री स्वतः आला. त्याने कपाळाला हात लावला. मग सांगितलं की मोठ्या बॅटरीशिवाय या गाडीत एक लहान बॅटरीही असते. दारं उघडी राहिली की आतला दिवा पेटलेला राहतो, आणि दहा दिवस दिवा पेटला की लहान बॅटरी संपते. "गाडीत उगीच काही चालू ठेवायचं नाही," तो म्हणाला. "सगळं बंद ठेवायचं."

"सगळं?"

"सगळं," मिस्त्री म्हणाला, आणि चुकला.

त्या दिवसापासून केरबा सगळं बंद ठेवू लागला. काचा बंद, एसी बंद. बॅटरी म्हणजे बॅटरी, म्हणून खिशातला फोनसुद्धा बंद. एके दिवशी तिन्हीसांजेला तो अनुसयेला घेऊन शेतावरून परत येत होता. बाहेर दिसेनासं झालं होतं. अनुसया म्हणाली, अहो, दिवे लावा. तो म्हणाला, मिस्त्रीने सांगितलंय. गाडी हळू होती, त्यामुळे बॅटरीवर चालली होती, आणि बॅटरीवर ती मांजराच्या पावलांनी चाले. अशी ती काळोखातून, एक आवाज न करता, डेअरीसमोरच्या रांगेत शिरली. माणसं उड्या मारून वाचली. किटल्या वाचल्या नाहीत. रस्त्यावरून साठ लिटर दूध वाहत गेलं आणि अनुसया काच बंद असलेल्या गाडीत बसून ते पाहत राहिली.

डेअरीच्या चेअरमनने केरबाला बाहेर ओढलं. त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं सोडून देऊ. उरलेलं असं, की दिवे लावत जा, आणि तुझी गाडी मुकी आहे, तेव्हा माणसं जमलेली दिसली की हॉर्न वाजवत जा, म्हणजे त्यांना कळेल तू आलास.

केरबाने तेही मनावर घेतलं.

पंधरा दिवसांनी अनुसयेचे चुलते वारले. ती सकाळीच पोचली होती. केरबा मागून गाडी घेऊन निघाला. घरासमोर दीड-दोनशे माणसं जमली होती. केरबाला ती दिसली. त्याने भर दुपारी दिवे लावले आणि वळणापासून जो हॉर्न धरला, तो तिरडीजवळ येईपर्यंत सोडला नाही. बायकांचं रडणं थांबलं. काय झालं म्हणून भटजीही उठून उभे राहिले. मग केरबा खाली उतरला आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "आलो."

अनुसयेला त्या दिवशी माहेरच्या अंगणात जमीन दुभंगावी असं वाटलं. घरी आल्यावर तिने त्याला समोर बसवलं. आरडाओरडा केला नाही. लहान पोराला उजळणी सांगावी तसं सांगितलं, की वाईट घडलं असेल तिथे गाडी लांब सोडायची. मान खाली घालून चालत यायचं. उपरण्याने डोळे टिपायचे. हळू आवाजात म्हणायचं, फार वाईट झालं, आपल्या हातात काय असतं. त्यापुढे कुणी विचारलं तरच बोलायचं. तिने त्याच्याकडून ते चार वेळा म्हणून घेतलं. चौथ्या वेळी त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, तेव्हा तिला बरं वाटलं. ते वाटायला नको होतं.

वैशाखात अनुसयेच्या भाचीचं, वैजूचं लग्न निघालं. लग्न मुलाच्या गावी होतं, भादलवाडीला. नवरीसाठी ठरवलेली गाडी ऐनवेळी आलीच नाही. वैजूचा बाप रंगराव दारात येरझाऱ्या घालू लागला. दुसरी गाडी मिळेना. शेवटी अनुसयेनेच मन घट्ट करून सांगितलं, दादा, आमची आहे. रंगरावाने तिच्याकडे असं पाहिलं की चुलत्यांच्या अंगणातला तो हॉर्न दोघांनाही पुन्हा ऐकू आला. पण इलाज नव्हता. केरबाच्या गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. मागे वैजू बसली आणि सोबतीला एक म्हातारी मावशी. बाकीचं वऱ्हाड टेम्पोतून पुढे गेलं. रुखवत सांभाळायला अनुसयेलाही टेम्पोतच बसावं लागलं.

मुहूर्त बारा सत्तेचाळीसचा. पावणेबाराला मांडव भरला होता, बँड वाजत होता, नवरदेव मुंडावळ्या बांधून तयार होता. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला केरबा दिसला. एकटा. पायी. मान खाली, उपरणं डोळ्याला.

बँड आपोआप बंद पडला. मुलाचे वडील बळवंतराव पुढे झाले. त्यांनी विचारलं, काय झालं?

"फार वाईट झालं," केरबा हळू आवाजात म्हणाला. "वाटेत गेली."

"गेली?"

"सकाळपासून चांगली होती. पुलापाशी एकदा थरथरली आणि गेली. आवाजसुद्धा काढला नाही. आपल्या हातात काय असतं."

वैजूची आई जागच्या जागी कोसळली. बायकांनी हंबरडा फोडला. रंगराव मांडवाचा खांब धरून खाली बसला. नवरदेवाने मुंडावळ्या सोडल्या आणि त्या कुठे ठेवाव्यात हे न कळून हातातच धरून उभा राहिला. त्याच्या आत्याने डोळे पुसता पुसता शेजारी बसलेल्या स्वतःच्या पुतणीकडे एकदा निरखून पाहिलं.

बळवंतरावांनी घसा खाकरला आणि विचारलं, आता पुढे काय करायचं?

"काय करणार," केरबा म्हणाला. "जुनी जमा करायची आणि दुसरी बसवायची. मिस्त्री ओळखीचा आहे."

रंगराव उठला आणि त्याने केरबाची गचांडी धरली. चार माणसं मध्ये पडली. त्या गोंधळात एकट्या अनुसयेच्या कानात मिस्त्री हा शब्द अडकला. पंधरा वर्षं तिने या माणसाबरोबर संसार केला होता. वहिनीचं डोकं मांडीवरून खाली ठेवून ती उठली.

"कोण गेली?" तिने विचारलं.

"बॅटरी," केरबा म्हणाला. "मोठी."

"आणि वैजू?"

"ती कशाला जाईल? गाडीत बसलीय. पाणी पाहिजे म्हणत होती."

मग बळवंतराव खाली बसले. वहिनीच्या तोंडावर पाणी मारायला कुणीतरी धावलं. रंगराव पुन्हा खांबाला टेकून बसला होता, त्याला कुठे पाठवण्यात अर्थ नव्हता. अनुसयेने घड्याळ पाहिलं. बँडची आठ माणसं रिकामी उभी होती, ती तिने केरबाच्या पुढे उभी केली.

"आता एक अक्षर बोलू नका," ती दात आवळून म्हणाली. "यांना घेऊन जा आणि तिला घेऊन या. ओढा, ढकला, उचलून आणा, मला माहीत नाही. मुहूर्ताच्या आत ती बोहल्यापुढे उभी दिसली पाहिजे."

केरबाने मान हलवली आणि तो पळाला. बँडवालेही त्याच्या मागे पळाले.

वहिनी शुद्धीवर आली. नवरदेवाच्या मुंडावळ्या पुन्हा बांधल्या. आत्या हिरमुसून मागे जाऊन बसली. भटजींनी अंतरपाट झटकला. बारा पस्तीसला रस्त्यावर धूळ दिसली आणि अनुसयेने कितीतरी वेळाने श्वास सोडला.

बँडवाले घामाने निथळत गाडी ढकलत आले. गाडी कमानीतून जाईना, तेव्हा त्यांनी कमानीचा एक बांबू उपटला. पंगतीची दोन बाकं सरकवली. गाडी मांडवात शिरली आणि झेंडूच्या माळांसकट बरोबर बोहल्यापुढे, नवरदेवासमोर, येऊन थांबली. केरबा स्टिअरिंगमागून उतरला. त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

अनुसयेने मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती. तिने दुसऱ्या बाजूचंही दार उघडून पाहिलं.

"वैजू कुठे आहे?"

केरबाने ओठ मिटून घेतले आणि मागच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

"बोला," अनुसया म्हणाली.

"पुलावर. तिला आणि मावशीला उतरवलं," केरबा म्हणाला. "दोघी आत बसल्या असत्या तर चढावर वेळ गेला असता. आता बघा, सात मिनिटं आधी आणून उभी केली."