कोरी धूळपाटी

खट्, खट्, खट्. खडावांचा हा आवाज एका पंतोजींनी फार पूर्वी, ते स्वतः सात वर्षांचे असताना ऐकला होता. त्यांचे गुरुजी धुळीत एकदाच अक्षर काढत, लगेच तळहाताने पुसून टाकत आणि खडावा वाजवत परसात झाडांना पाणी घालायला निघून जात. मागे उरे कोरी धूळ आणि रडवेलं पोर.

पुढे हे पोर मोठं झालं, एका लहानशा गावात पंतोजी झालं. स्वभावाने ते फार मऊ होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, माझ्या शाळेत कोणी असं एकटं बसून रडणार नाही.

पाटलांच्या पडवीत शाळा भरे. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत बोटाने लिहायचं, अशी तेव्हाची रीत. पंतोजी पहाटे उठून तीसही धूळपाट्यांवर अक्षरं काढून ठेवत. मुलं आली की त्यावरून बोट फिरवत, गिरवत. ओळ मोडली की पंतोजी धावत येऊन ती पुन्हा काढून देत. गावाला कौतुक होतं. इतकी सुबक अक्षरं पंचक्रोशीत नाहीत, असं लोक म्हणत.

अशी तीस वर्षं गेली. पंतोजींच्या बोटाचं टोक झिजून गुळगुळीत झालं. गुडघे धरू लागले. मुलं जांभया देत गिरवायची, आणि खरं सांगायचं तर काढून देताना पंतोजींनाही जांभया येत. हल्ली मुलांचं शिकण्यात मन नाही, असं ते बायकोला सांगत आणि आडवे होत.

एके दिवशी पाटलांचा कारकून तापाने पडला. पाटील पडवीत आले. "पंतोजी, तुमचा एखादा हुशार गडी द्या. शेजारच्या गावी दोन ओळी धाडायच्यात. 'उद्या बैल घेऊन ये,' एवढंच."

पंतोजींनी सगळ्यात मोठ्या मुलाला पुढे केलं. कागदाआधी पाटीवर लिहून पाहायला मुलगा बसला. बोट उचललं आणि तसाच थांबला.

"अरे, लिही ना," पाटील म्हणाले.

"लिहितो की. पण आधी पंतोजींनी काढून द्यावं, मग मी गिरवतो."

पाटील आधी हसले. मग त्यांनी दुसऱ्याला बसवलं, तिसऱ्याला बसवलं. सगळे बोट उचलून पंतोजींकडे पाहत राहिले. पाटलांचं हसू मावळलं.

"पंतोजी, पुनवेला मी परत येईन. एकाने तरी स्वतःचं असं काही लिहून दाखवलं तर ठीक. नाहीतर शाळा बंद. या पडवीत गुळाच्या ढेपी तरी राहतील."

पंतोजी घरी आले आणि जेवायला बसले, पण भाकरी तशीच राहिली. बायकोने काय झालं ते काढून घेतलं. मग म्हणाली, "अहो, एक विचारू? पिठाचं मडकं कुठं असतं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाही बुवा."

"तीस वर्षं रोज भाकरी खाताय. मी थापते, मी वाढते, तुम्ही जेवता. मग त्या पोरांचंच काय चुकलं?"

पंतोजींना तो जुना खट् खट् आवाज आठवला. आणि इतकी वर्षं न आठवलेलं आणखी एक आठवलं. गुरुजी पाणी घालून परत येत, शेजारी बसत आणि म्हणत, "दाखव बघू, तू काय काढलंस." मग ते वेडंवाकडं अक्षर कितीतरी वेळ पाहत. त्या पाहण्यासाठी तर तो मुलगा डोळे पुसून पुन्हा बोट टेकवायचा.

दुसऱ्या दिवशी तीसही पाट्या कोऱ्या होत्या.

"आज गिरवायचं नाही," पंतोजी म्हणाले. "ज्याला घरी, दारी, कुणालाही काही सांगायचं असेल, ते लिहा. चुकलं तर चुकू द्या. मलाही हे नवीन आहे."

मुलं घाबरली. दोघं रडली. एकाची आई भांडायला आली, "शिधा घेता तो कोरी पाटी द्यायला का?" तिने मुलाला घरी नेलं, तो पुन्हा आलाच नाही. पंतोजींना फार लागलं. वाटलं, पुन्हा काढून द्यावं, सगळं पहिल्यासारखं होईल.

कासाराची मुलगी येसू मात्र पाटीशी झटत होती. तिचे वडील बांगड्या विकायला चार महिने दूर जात. "बाबांना सांगायचंय, आपली शेळी व्याली," ती म्हणाली. "पंतोजी, 'ळ' कसा ते विसरले."

पंतोजींनी वेगळ्या पाटीवर 'ळ' काढला, तिला पाहू दिला आणि पुसला. मग हात मागे बांधून ते परसात गेले. परत आले, तिच्याजवळ बसले. "दाखव बघू." येसूने दाखवलं. तो 'ळ' पाय मोडलेल्या खेकड्यासारखा होता. पंतोजी तो पाहत राहिले. येसूने स्वतःच पुसून दुसरा काढला.

पुनवेला पाटील आले. येसू बोरूने कागदावर लिहीत होती. बाहेर एक वाणी बैलगाडी जुंपून उभा होता, तो तिच्या वडिलांच्या मुक्कामी जाणार होता.

"पोरी, मी सांगतो ते लिही."

"थांबा पाटीलबाबा, गाडी निघेल. आधी बाबांचं होऊ दे."

पाटील वाकून वाचू लागले. 'बाबा शेळी व्याली. दोन करडं. एकाचे कान पांढरे. तुम्ही येईपर्यंत नाव ठेवणार नाही.'

"हे कुणी काढून दिलं?"

पंतोजींनी 'कुणी नाही' अशी मान हलवली.

पाटलांनी ते पुन्हा एकदा वाचलं. "गूळ गोठ्यात ठेवू," म्हणाले.

कागदावर एक वेलांटी उलटी पडली होती. पंतोजींचं झिजलेलं बोट शिवशिवलं. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला आणि वाट पाहिली, की आता ही विचारेल, पंतोजी, बरोबर आहे ना?

येसूने शाईवर फुंकर घातली, कागदाची घडी केली, आणि काही न बोलता गाडीकडे चालत गेली.

तात्पर्य एवढंच: शिकवणाऱ्याने हात आवरायला शिकावं, म्हणजे शिकणाऱ्याचा हात चालू लागतो.