काकांचा मोकळा हात

दुसऱ्याचा खांदा झिजवायचा आणि त्यालाच आपली शान म्हणायची, असे काही कमी नाहीत!

घाटाचा रस्ता एकेरी होता, त्या काळी एका गावात एक जुनी पिकअप होती. तिचं स्टिअरिंग इतकं जड, की ती चालवणाऱ्या बाबलकाकांशिवाय ते कोणालाच वळत नसे. तिला याचाच तोरा. पण एके दिवशी काकांचा खांदा आखडला, आणि मिस्त्रीने तिचे पुढचे स्प्रिंगचे पाटे नि स्टिअरिंग काढून नव्या गाडीचे भाग बसवले.

"परक्यांना घरात घेतलंस!" मागचे पाटे करकरले. "आता तू काकांची कसली? कोणीही वळवेल तुला."

पिकअपला रडू आलं. ती नव्या स्टिअरिंगशी बोलेना.

"नको बोलूस, ताई," ते म्हणालं, "पण घाट तरी चढू या."

पहिलंच वळण काकांनी सहज एका हाताने घेतलं. दुसरा हात रिकामा राहिला. तो सावकाश डॅशबोर्डवर आला आणि तिला थोपटू लागला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात तिच्याशी झुंजण्यातच गुंतलेले असत!

"दादा, तुझे उपकार कसे फेडू रे?" तिने नव्या स्टिअरिंगला विचारलं.

तेवढ्यात मागचे पाटे हळूच म्हणाले, "अगं, काकांना सांग ना, एकदा मागेही हात फिरवा म्हणावं!"