सांतानने सरकवलेली भिंत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, बरं का. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. फादर काय म्हणाले ते देवाला आणि फादरांनाच कळे, आपली माणसं ‘आमेन’ तेवढं जोरात म्हणत. त्या काळी करंजपाड्यात सांतान नावाचा कबरी खणणारा होता. त्याने खणलेल्या कबरीत भर पावसाळ्यातही पाणी शिरत नसे, असं म्हणतात.

सांतान नियमाचा पक्का. बाप्तिस्मा न होता गेलेलं मूल स्वर्गात जात नाही, म्हणून त्याला कबरस्तानात जागा नाही, असं तेव्हाचे फादर सांगत. तशी मुलं सांतान भिंतीबाहेर, निवडुंगाच्या कडेला पुरायचा. घंटा नाही, प्रार्थना नाही.

एकदा शेजारच्या आनामारीचं मूल जन्मल्या जन्मल्या गेलं. ओली बाळंतीण ती, तशीच उठून आली.

“बाबा, माझ्या आईच्या कबरीत ठेवा त्याला. वीतभर तर आहे.”

“फादरांचा नियम आहे, पोरी. माझ्या हातात काय?”

खणताना सांतान रडला, असं म्हणतात. पण रडून काय उपयोग? खणलं ते बाहेरच.

त्यानंतर दर वर्षी मृतांच्या दिवशी सगळं गाव आत मेणबत्त्या लावायचं आणि आनामारी एकटी बाहेर उभी असायची. सांतानशी ती बोलायची बंद झाली.

पुष्कळ वर्षं गेली. मिस्सा मराठीत आली, नवे फादर आले. एका रविवारी त्यांनी सांगितलं, “अशी मुलं देवाच्या दयेतच असतात. यापुढे त्यांनाही आतच पुरायचं.” लोकांना बरं वाटलं. म्हातारा सांतान मात्र उठून उभा राहिला.

“फादर, देव बदलला का?”

“नाही, बाबा. आम्हाला उशिरा कळलं.”

“मग मी बाहेर ठेवलेल्यांचं काय?”

फादर म्हणाले, वरून परवानगी मागवू. सांतानने उभा जन्म वरचं ऐकलं होतं, या वेळी ऐकलं नाही. त्याने पहार घेतली, कबरस्तानाची भिंत फोडली आणि दगड निवडुंगापलीकडे रचायला लागला. दोघांना हलणार नाहीत ते दगड त्याच्या हातात सुक्या नारळासारखे हलके झाले, असं म्हणतात. तीन दिवसांत भिंत सरकली आणि मुलं आत आली.

मग तो आनामारीच्या दारात गेला. “पोरी, तुझं बाळ आत आलं.”

आनामारी म्हणाली, “आता काय करू त्याचं, बाबा? आई मी होते. त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही.”

सांतानला मान वर करवेना.

मरताना त्याने एवढंच मागितलं, मला भिंतीबाहेर पुरा. पुढे त्यालाही आत घ्यावं म्हणून गावाने भिंत दोनदा वाढवली, दोन्ही वेळा ती पडली, असं म्हणतात. मला विचाराल तर तोच पाडत असेल, हट्टी मेला. पण वाईट वाटतं हो. ज्याने सगळ्यांना आत घेतलं, तो एकटा बाहेर राहिला.

अजूनही करंजपाड्यात लहान मूल गेलं की कबर खणणारा कुदळ उचलण्याआधी सांतानचं नाव घेतो आणि आईसमोर मान खाली घालून विचारतो, “कुठे खणू?” फादर तोवर पुस्तक मिटून उभे राहतात. आई बोट दाखवते तिथेच खणतात.