ठकूची ओंजळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, तर करंजदरीच्या टेकडीवर तेव्हा खरोखरच करंजाची झाडं होती, इतकी. आता नुसतं नाव उरलंय.

त्या टेकडीच्या पायथ्याशी एक तळं होतं. वरून करंगळीएवढा झरा यायचा, तो बारा महिने वाहायचा आणि तळं भरायचं. भरायचं आणि गळायचं. तळाच्या मुरमातून पाणी कुठे जायचं ते कुणालाच कळत नव्हतं. होळी झाली की तळ्यात चिखल उरायचा, पाडव्याला चिखलाला भेगा पडायच्या, आणि मग बायका घागरी घेऊन दोन कोस नदीवर जायच्या. पुरुष तळ्याच्या काठावर बसून तळ्याचं काय करावं याची चर्चा करायचे. असं म्हणतात की ती चर्चा चांगली वीस वर्षं चालली.

शेवटी पाटलांनी ठरवलं, तळाला दगडी फरशी घालायची. काम बाळोजी गवंड्याकडे दिलं. बाळोजीचा हात असा, की त्याने बसवलेल्या दगडांच्या सांध्यात मुंगी शिरली तर तिला मागे वळता येत नसे. पण ही फरशी तळ्याची. ती एका दिवसात, एका दमात बसवायला हवी. ओल्या चुन्याला ओलाच चुना जोडायचा. मधेच चुना संपला आणि आधीचा वाळला, की त्या सांध्यातून पाणी वाट काढणारच. आणि चुना म्हणजे काही शेजारणीकडून वाटीभर उसना आणायची वस्तू नव्हे. चुनखडी भट्टीत भाजायची, विझवायची, महिनाभर मुरवायची, मग बैल फिरवतो त्या दगडी घाणीत वाळू, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून दळायची. तेव्हा कुठे एक घाणा निघायचा. एक घाणा म्हणजे शंभर ओंजळी चुना.

पहिल्या वर्षी बाळोजीने हाताने फरशा मोजल्या, लांबी घेतली, रुंदी घेतली, आणि सांगितलं, बावीस घाणे. चुना कमी पडला. तळं गळलं.

दुसऱ्या वर्षी त्याने चार घाणे वाढवून सव्वीस सांगितले. तरी कमी पडला. तरी गळलं.

लोक म्हणाले, तळ्यातल्या आसरा, त्या पाण्यातल्या देवता, चुना पितात. पण आसरांना बोलून दाखवायची सोय नसते, त्या कोपतात. म्हणून लोकांनी दुसरं कुणी शोधलं, आणि ते शोधायला लांब जावं लागलं नाही. दुसरी फरशी बसली त्याच्या आठच दिवस आधी बाळोजीच्या घरात नवी सून आली होती.

तिचं नाव ठकू. नाव ठकू, पण तिने जन्मात कुणाला चिमूटभरही ठकवलं नाही, असं म्हणतात. फार कमी बोलायची. सासरी आल्यावर पहिल्या महिन्यात तिने बोललेले शब्द मोजले तर एका मुठीत मावले असते. बाकी वेळ ती बघायची. सासू भाकरी थापताना डाव्या हाताने जास्त दाबते, मामंजी खोटं हसतात तेव्हा मिशीला हात लावतात, नवरा रायबा आईसमोर तिच्याकडे बघत नाही पण तिची घागर आधी उचलून देतो, हे सगळं तिने बघून ठेवलं होतं.

तिच्या सासूचं, गुणाबाईचं, तोंड मात्र तिच्या हातापेक्षा जड. "पायगुण म्हणतात तो हाच," ती चुलीपुढून ओट्यावरच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायची. "आली आणि तळं फुटलं. यंदा तिसरी खेप. यंदा गळलं तर हिला माहेरी नेऊन घालते. कायमची."

ठकू भाकरी उलटत होती. तिचं माहेर सहा कोसांवर होतं. परत आलेल्या लेकीला तिथे काय मिळतं, ते तिने थोरल्या बहिणीच्या वेळी बघितलं होतं. तिने भाकरी उलटली आणि दुसरी घेतली.

तिसऱ्या खेपेसाठी जुनी फरशी उचलायला घेतली. गडी दोर लावून दगड वर काढत आणि काठावर ओंडक्यांच्या जोड्यांवर उताणे मांडत. कारण करंजदरीत एक रीत होती, घडवलेला दगड पालथा घालायचा नाही. ज्याचं तोंड टाकीने, म्हणजे छिन्नीने, तासून साफ केलं, त्याचं तोंड मातीत घालणं म्हणजे आपलंच तोंड घालणं. म्हणून पाथरवटाच्या टाकीपासून तळ्याच्या तळापर्यंत दगड सदा उताणाच. खाली उरलेला जुना चुना फोडून टोपल्यांनी बाहेर टाकायचं काम बायकांचं. त्या कामाकडे कुणी बघत नसे, कारण ते बायकांचं होतं.

ठकूने एक खपली उचलली. वरून बघितली, कडेने बघितली. एका जागी ती भाकरीएवढी पातळ होती आणि दुसऱ्या जागी तिच्या मनगटाएवढी जाड. दुसरी खपली बघितली, तिचे उंचवटे वेगळेच. माहेरी ती जमीन सारवायची. खडबडीत पडवीला शेणकाला किती लागतो आणि गुळगुळीत माजघराला किती, हे तिच्या हाताला पाठ होतं. तिने खपलीवर तळवा ठेवला. तिला वाटलं, हा कुणाच्या तरी पाठीचा ठसा आहे.

मग तिने टोपली खाली ठेवली, कडेच्या एका लहान फरशीपाशी गेली, पहार घातली, आणि सगळ्या गावादेखत तो दगड पालथा घातला.

काठावर एकदम गलका झाला. गुणाबाई तोंडावर पदर घेऊन धावली. "अगं ए! घडवलेला दगड पालथा घालतात का कुठं? कुणाचं घर बुडवायला निघालीस?"

"दगडाची पाठ बघत होते, आत्याबाई."

"पाठ बघतेय! नवऱ्याची पाठ बघितली नसशील अजून धड, दगडाची बघतेय!"

बायका हसल्या. बाळोजी हसला नाही. तो पुढे आला आणि त्या दगडाकडे बघत उभा राहिला. दगडाचं तोंड आरशासारखं होतं. पाठ मात्र टेकडीसारखी होती, खड्डे, उंचवटे, एका कोपऱ्यात चार बोटं आत गेलेली दरी. चाळीस वर्षं त्याने दगडांची तोंडं बघून चुना काढला होता. पाठ त्याने बघितलीच नव्हती.

"किती मावेल यात?" त्याने विचारलं. सुनेला सासऱ्याने कामातलं काही विचारायची करंजदरीतली ती पहिली वेळ.

ठकूने तळवा पाठीवरून फिरवला. "पाच ओंजळी, मामंजी."

बाळोजीने ओली वाळू मागवली. ठकूच्याच ओंजळीने खड्डे भरले आणि वरून फळी फिरवली. पाच. त्याने दुसरा दगड दाखवला, आणि रीत मोडून तो स्वतःच्या हातांनी पालथा घातला. ठकू म्हणाली, "तीन. आणि बोटभर." वाळू भरली. तीन ओंजळी, आणि बोटभर. असं म्हणतात की तेव्हा काठावर इतकी शांतता झाली, की घाणीचा बैल रवंथ करायचा थांबला.

पण बाकीचे दगड पालथे घालायला गाव तयार होईना. दोन झाले तेच पुष्कळ, आसरा बघतायत, म्हणाले. ठकू म्हणाली, पालथे नकोत. तिने हातातला हिरवा चुडा दगडावर आपटून वाढू नये म्हणून त्यावर चिंधी गुंडाळली. मग एका फरशीशेजारी ती जमिनीवर आडवी झाली, गाल मातीला टेकला, आणि ओंडक्यांमधल्या फटीतून दगडाखाली हात घातला. डोळे मिटले. "चार," ती म्हणाली. रायबाने टोपलीत चार चिंचोके टाकले. आईसमोर बायकोचं ऐकून त्याने केलेलं ते पहिलं काम.

फरशा होत्या तीनशे चाळीस. ठकू तीनशे चाळीस वेळा मातीत आडवी झाली. तीन दिवस लागले. चार, पाच, तीन, सहा. असं म्हणतात की दुसऱ्या दिवशी तिला हात फिरवावाच लागेना, नुसता खाली नेला की दगड आपणहून सांगायचा. घरात तिच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं, तेव्हा दगडांनी बोलावं यात तिला काही नवल वाटलं नसावं. तिसऱ्या दिवशी तिचा तळवा सोलून निघाला. गुणाबाईने खोबरेल तेलाची वाटी तिच्या पुढ्यात सरकवली आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

चिंचोके मोजले. पंधराशे भरले.

पाटील म्हणाले, "मग किती घाणे, बाळोजी?"

बाळोजीने मिशीला हात लावला नाही. "आमच्या सूनबाईंना विचारा."

ठकूने पदर सारखा केला. "मामंजींचे सव्वीस बरोबरच होते. ते दगडाच्या तोंडाचे. पाठीचे पंधरा. एकेचाळीस घाणे. आणि वर एक ओंजळ."

"ती एक ओंजळ कुणाची?"

"ते माहीत नाही," ठकू म्हणाली. "पण लागते."

माणसं पोट धरून हसली. एकेचाळीस घाण्यांची चुनखडी म्हणजे तिसऱ्या ओढ्यापर्यंत गाढवं न्यायची. भट्टीला लाकूड म्हणून लोकांनी मोडक्या बाजा दिल्या, जुने दरवाजे दिले. दाराविना घरं उघडी पडली. कुणी म्हणालं, एवढा चुना उरला तर काय करायचं? कुणी म्हणालं, हिच्या तोंडाला फासायचा. गुणाबाई काहीच म्हणाली नाही. पण शब्द दिला होता, तो गावाने ऐकला होता. यंदा गळलं तर कायमची.

महिनाभर चुना मुरला. मग घाणी फिरली. पहिल्या घाण्यात तिने एक ओंजळ जास्तीची दळून घेतली होती; तो निघाला तेव्हा ठकूने आधी ती ओंजळ काढली आणि ओल्या पळसपानात बांधून सावलीत ठेवली. मग झरा वळवला आणि दिवस उगवताना पहिला दगड बसला.

त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. पाटील टोपल्या उचलत होते. घाणा निघत होता, चुना पडत होता, दगड बसत होता. दुपारी वीस घाणे संपले आणि अर्धं तळं झालं नाही, तेव्हा माणसं ठकूकडे बघायला लागली. तिसऱ्या प्रहरी तेहतीस संपले. उन्हं कलली तेव्हा घाणीच्या चरातून एकेचाळिसावा घाणा निघाला, आणि बाळोजीने झऱ्याच्या तोंडाशी शेवटचा दगड सोडला. तो बसला. थापीने चर खरवडला, टोपल्या झटकल्या. चुना संपला होता.

आणि त्या शेवटच्या दगडाच्या कोपऱ्याशी, बरोबर झऱ्याच्या तोंडाखाली, एक भोक उरलं होतं. ओंजळीएवढं.

बाळोजी गुडघ्यांवर बसला होता, तो तसाच राहिला. गुणाबाई काठावरून हळूच म्हणाली, "अगं, ठकू..." सून घरात आल्यापासून तिने तिला नावाने हाक मारली नव्हती.

ठकूने चुड्यावर पुन्हा चिंधी गुंडाळली आणि ती तळ्यात उतरली. तिने पळसपान सोडलं. चुना ओला होता, लोण्यासारखा. तिने दोन्ही हातांनी तो भोकात घातला आणि वरून सोलून बरा झालेला उजवा तळवा दाबून धरला. काठापर्यंत भरलं. कणभर उरलं नाही, कणभर कमी पडलं नाही. तिने तळवा उचलला तेव्हा त्याचा ठसा तिथे उमटला होता, पाच बोटं आणि चुड्याभोवतीच्या चिंधीची किनार.

चुना वाळल्यावर झरा सोडला. तळं भरलं. असं म्हणतात की पहिल्या दिवशी बैल पाणी प्यायले नाहीत, त्यांना वाटलं आभाळ खाली उतरलंय आणि त्याला तोंड कसं लावायचं. पाटलांनी पाण्याच्या काठाशी बाभळीचा काटा रोवला. आठ दिवस झाले, पाणी काट्याशीच. होळी झाली, पाडवा झाला, पाणी काट्याशीच. पाडव्याच्या सकाळी गुणाबाई रिकामी घागर घेऊन तळ्यावर आली आणि नदीच्या वाटेकडे बघून खूप वेळ उभी राहिली. मग ओट्यावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पायगुण म्हणतात तो हाच."

पुढे तीन वर्षं आभाळ कोरडं गेलं, झरा दोऱ्याएवढा झाला, तरी करंजदरीच्या बायका नदीवर गेल्या नाहीत. दूरदूरच्या गावांची माणसं ठकूला घाटांवर, देवळांवर न्यायची. ती बसून, आडवी होऊन, दगडाखाली हात घालून आकडा सांगायची आणि म्हणायची, वर एक ओंजळ. म्हातारी झाल्यावर तर ती नुसती अंगणातून गेली तरी दगड आपापला आकडा सांगायचे, असं म्हणतात. खरंखोटं त्या दगडांना माहीत.

तिचा ठसा मात्र अजून आहे. पाणी फारच खाली गेलं की आधी बोटांची टोकं दिसतात. करंजदरीत त्याला म्हणतात, हात दिसला. हात दिसला की त्याच दिवशी शेतावरचे पंप बंद होतात आणि तळ्याचं पाणी फक्त पिण्यापुरतं राहतं. त्यासाठी सभा लागत नाही की नोटीस लागत नाही.

आता गावात सगळीकडे टाईल्स आल्यात आणि चुन्याच्या जागी गोण्यांतला चिकट मसाला आलाय. तालुक्याचा दुकानदार विचारतो, किती फूट? करंजदरीचा माणूस म्हणतो, आधी टाईलची पाठ दाखवा. रीतही पुरती उलटली आहे. करंजदरीत पहिली टाईल पालथी घातल्याशिवाय कामाला हात लागत नाही. ती पालथी घालायची घरातल्या सगळ्यात नव्या सुनेने. मिस्त्री कितीही शिकलेला असो, खिशातून मोबाईल काढून हिशेब करत असो, सासू त्याला म्हणते, "थांबा हो जरा. आधी आमच्या सूनबाईंना विचारू द्या."

मग ती, कालपरवा आलेली, अजून घरात कुणाशी धड न बोललेली, टाईलच्या पाठीवर तळवा ठेवते आणि हळू आवाजात सांगते, इतक्या गोण्या. सगळं घर गप्प बसून ऐकतं. आणि शेवटी ती म्हणते, "वर एक ओंजळ." ती ओंजळ आधी काढून पानावर ठेवतात.

ती कुठे लागणार, हे कुणाला माहीत नसतं. पण आजवर ती उरलेली नाही, असं म्हणतात.