डिंकातली निळी रेघ

“…पण दिवसाला किती द्यायचा? एवढंच सांगा ना बुवा!”

उद्धव हे तिसऱ्यांदा विचारत होता. निरंजनबुवा मठाच्या अंगणात पावटे सोलत बसले होते. ऐकू आलं नाही म्हणावं, तर बुवांचे कान चांगले तिखट!

मठाच्या भिंतीत बारीक, बिनडंखाच्या मधमाश्यांचं घर होतं. या माश्या झाडांचा डिंक आणून घराच्या फटी बुजवत. बुवा तोच डिंक जखमेवर लावायचे. उद्धवनं तो लहानपणी इथंच पाहिला आणि पुढं पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यावरच डॉक्टरेट मिळवली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी डिंकाच्या अर्कात मरताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तेव्हापासून स्वारी जरा हवेतच होती, खोटं कशाला बोला!

आणि नेमका तोच आजार अक्काला निघाला. आई गेल्यावर त्याला वाढवणारी अक्का. ती आत्ता ओट्यावर बसली होती, पदर तोंडाशी धरून.

“काचेच्या बशीत निम्म्याहून जास्त पेशी मेल्या, बुवा. खोटं नाही सांगत.”

“खोटं कोण म्हणतंय?”

उद्धवचा चेहरा फुलला. “म्हणजे देत राहायचा?”

“तुझी अक्का बशीत राहते का रे?”

…

उद्धव गोंधळला. हे होय म्हणायचं की नाही? जन्मभर गावाच्या जखमांवर डिंक लावणारा माणूस, आणि आज असं बोलतो?

“कुठला देतोयस?”

“इथलाच. गेल्या महिन्यात नेला होता तो.” त्यानं खिशातून बाटली काढली. आत तपकिरी खडे होते.

बुवांनी त्यातला मोठा खडा फरशीवर ठेवला आणि दगडानं फोडला.

आत निळी रेघ होती.

उद्धवनं तुकडा उचलला. नखानं खरवडला. वास घेतला. ऑइलपेंट! मठाच्या मूळ महाराजांच्या पुण्यतिथीच्या आधी इथला दरवाजा त्यानंच मोठ्या हौसेनं निळा रंगवून घेतला होता.

“माश्यांनी… दाराचा ओला रंग आणला?”

“त्यांना फट बुजवायची होती. चिकट दिसलं, आणलं. तुझ्या अक्काचं दुखणं त्यांना कुणी सांगितलं होतं?”

“अहो पण… प्रयोगशाळेत आम्ही सगळं गाळून, तपासून घेतो. इथला म्हणून मी बघितलंच नाही.” त्याचे कान तापले. “ठीक आहे. चांगला आणतो. एकदम शुद्ध. तो दिला तर चालेल?”

बुवांनी पावटे बाजूला सारले. ते उठले आणि अक्काच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले.

“किती दिवस घेताय हे?”

“अठरा झाले.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“म्हणाले, वेळेत आलात, बरं वाटायची आशा आहे. लगेच शेक सुरू करू म्हणाले, तो मशीनच्या किरणांचा. सोमवारी बोलावलं होतं.”

“कुठल्या सोमवारी?”

“दोन गेले की आता.”

“मग?”

“मग उद्धव म्हणाला, थांब. शेकानं आतून भाजतं म्हणाला. आपल्याकडे याहून चांगलं आहे.” अक्का हसली. “एवढा शिकलाय तो, बुवा. आमच्या घरात कोण शिकलं होतं?”

उद्धवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

अक्का बावरली. तिनं आधी उद्धवकडं बघितलं, मग बुवांकडं. हे तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

“मला होय?… मला जगायचंय हो.”

…

उद्धव बुवांच्या पायाशी बसला. त्याला रडू आवरेना.

“मला काहीच कळेनासं झालंय, बुवा. डिंक खोटा नाही म्हणता. मी पाहिलं तेही खोटं नाही. तिच्या भल्यासाठीच केलं सगळं, आईशप्पथ! मग चुकलं कुठं?”

बुवांनी फुटलेले तुकडे गोळा केले, बाटलीत भरले आणि बाटली त्याच्या मुठीत दिली.

“खाली दहाची एसटी येईल. अक्काला घेऊन थेट दवाखान्यात जा. डॉक्टरांना ही दाखव. अठरा दिवस काय दिलंस, ते तुझ्या तोंडानं सांग.”

“सांगतो… पण डोसचं काय? मी आलो होतो ते—”

“हिचा शेक सुरू झाला की एकटा ये. डोस तुला किती द्यायचा, ते बघू.”