वाढलेल्या तांदळांची कहाणी

ऐक माये अन्नपूर्णे, तुझ्या पळीची कहाणी. आटपाट एक नगर, नगरात एक नगरशेट. त्याच्याकडे धन होतं, धान्य होतं, देवळासमोर त्याचं अन्नछत्र होतं. येईल त्यानं बसावं, पोटभर जेवावं, हात धुऊन जावं. शेटाच्या घरी धाकटी सून आली, तिचं नाव सुंद्रा. माहेर भरलेलं, सासर भरलेलं. स्वयंपाकाला उशीर झाला की लागते ती भूक, एवढंच तिला ठाऊक.

मार्गशीर्ष आला. सासूबाईंनी हाक मारली. "मुली, मुली, या घरच्या सुनेनं पळीचा वसा घ्यावा."

"सासूबाई, तो कसा घ्यावा?"

"महिनाभर अन्नछत्रात जावं. पदर खोचावा, पळी धरावी, येईल त्याला वाढावं. शेवटचं पान उठेस्तोवर आपण जेवू नये. पंगत उपाशी उठली, तर वसा मोडतो, अन्नपूर्णा घराकडे पाठ फिरवते. उतशील, मातशील?"

सुंद्रा मनात म्हणाली, उतायला मी काय दूध आहे? तोंडानं म्हणाली, "नाही उतणार, नाही मातणार."

पण नवी सून, नवी अक्कल. तिनं मनाशी योजलं, ज्याला गरज त्यालाच वाढावं, म्हणजे अन्न वाया जायचं नाही. मग ती दारात उभी राहिली, येईल त्याला पुसू लागली.

एक बाई आली. नाव गोजाबाई. केरसुण्या वळून विकायची, घरी तीन लेकरं. सुंद्रानं पुसलं, "बाई, घरी तांदूळ आहेत?" गोजाबाईनं भुईकडे पाहिलं. "तांदूळ वाढले, माय."

सुंद्राला आनंद झाला. "वाढले? मग रांधून खा. ज्याचे घटले, त्याला बसू द्या." गोजाबाई परत गेली.

दुसऱ्या दिवशी आली. "घरी पीठ आहे?" "पीठ वाढलं, माय." परत गेली.

तिसऱ्या दिवशी आली. "मीठ तरी?" "मीठसुद्धा वाढलं, माय."

"अगो बाई! तुमच्या घरी सगळंच वाढतंय, आणि तुम्ही इथं हेलपाटे घालता?" गोजाबाईनं पदर तोंडाला लावला, मागं फिरली. चौथ्या दिवशी आलीच नाही.

त्या दिवशी पंगत बसली, पानं मांडली, पाणी फिरलं. सुंद्रा तांदूळ काढायला गेली. पहिली कणगी उघडली, कोंडा निघाला. दुसरी उघडली, खडे निघाले. तिसरी उघडली, तिचा तळ दिसला. कालपर्यंत भरलेल्या कणग्या! पंगतीतले एक आजोबा म्हणाले, "सूनबाई, आज पानंच खायची का? मग पानाला चटणी तरी वाढा!" लोक हसले, पण पोटातून कोणी हसलं नाही.

सुंद्रा घाबरली. पंगत उठली की वसा मोडला. बाजाराचा दिवसही नव्हता. मग तिला आठवलं, गोजाबाईकडे तांदूळ वाढलेत! टोपली उचलली. "आजोबा, उठू नका. एका घरी ढीग पडलाय, उसने आणते."

नदीकाठी गोजाबाईचं खोपट. ऊन डोक्यावर, पोटात कण नाही. सुंद्राच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. अशी भूक तिच्या ओळखीची नव्हती. दारात पोचली, म्हणाली, "गोजाबाई, चार पायल्या तांदूळ उसने द्या. तुमचे वाढलेत ना?"

गोजाबाई पाहतच राहिली. धाकटी लेक ठकी खुदकन हसली. "अगं शेटाच्या सुने, आमच्यात संपलं म्हणत नाहीत! संपलं म्हटलं की लक्ष्मी ऐकते, रुसून चालती होते. म्हणून वाढलं म्हणायचं. ये, बघ किती वाढलेत!" तिनं एक मडकं पालथं केलं, दुसरं पालथं केलं, तिसऱ्यात कोळ्यानं घर बांधलं होतं.

सुंद्राच्या घरी कधी काही संपलंच नव्हतं, मग तो शब्द तिला कुठून कळावा? ती मटकन उंबऱ्यापाशी बसली. "तीन दिवस लेकरांना काय दिलंत?"

"पहिल्या दिवशी रताळं भाजलं. दुसऱ्या दिवशी कोंड्याची पेज केली. तिसऱ्या दिवशी गोष्ट सांगितली."

"मग मला नीट सांगायचं तरी!"

"चारचौघांत कसं सांगू, माय? पोट रिकामं झालं, म्हणून लाज थोडीच रिकामी होते?"

सुंद्रानं ठकीला कडेवर घेतलं, गोजाबाईचा हात धरला. "चला."

"तिथं काय आहे आता?"

"काही नाही. पण उपाशीच बसायचं, तर सगळ्यांनी पंगतीत बसू."

मग तिनं चौघांना पंगतीत बसवलं, कणगीपुढं उभी राहिली, हात जोडले. "माये, चुकले. वाढायचं सोडून पुसत बसले. आता तांदूळ..." तिची जीभ अडली. संपले म्हणावं, तर लक्ष्मी ऐकेल. मग हळूच म्हणाली, "तांदूळ वाढले, माये."

देवळात देवी हसली. तिनं ऐकलं ते खरं केलं. पहिली कणगी वाढली, दुसरी वाढली, तिसरीवर तर झाकण बसेना! गोजाबाईनं पदर खोचला, आधण ठेवलं. भात झाला, आमटी झाली, पंगत जेवली. आजोबांनी तीनदा भात घेतला, वर "चटणी राहिली" म्हणून तक्रारही केली. ठकीनं पोटावर हात ठेवून "पुरे" म्हटलं, आणि तिची आई तिच्याकडे बघत राहिली.

मग शेवटचं पान उठलं. गोजाबाईनं पाट मांडला, सुंद्राला बसवलं, हातात पळी घेतली. "माय, भूक लागली का? वाढू का?"

सुंद्रा म्हणाली, "पुसू नका, वाढा."

त्या दिवसापासून त्या दारात कोणी कोणाला पुसत नाही. अन्नपूर्णा माय जशी सुंद्राला हसली, गोजाबाईला पावली, तशी तुम्हां आम्हां ऐकणाऱ्या सगळ्यांना पावो. कोणाचं मडकं पालथं न होवो, कोणाच्या लेकराला गोष्टीवर न निजावं लागो. ही साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं सांगितली, भरल्या पोटी सुफळ संपूर्ण झाली.