फताड्याचा कळप

एका गावात, तळ्याच्या अगदी काठाला, एक बुरूडीण राहत असे. तिच्या हातच्या टोपल्या पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या आणि तिची जीभ त्याहून नावाजलेली. टोपली हातात घेऊन "जरा सैल वाटते" म्हणणाऱ्याची ती अशी हजेरी घ्यायची, की तो बिचारा धान्य धोतराच्या ओच्यात नेणं पत्करायचा. नवरा कधीच देवाघरी गेला होता, मूलबाळ नव्हतं. "मला कुणाची गरज नाही," असं ती सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत असे.

त्या गावात भाताची कापणी झाली की दरवर्षी बदकवाले येत. आपला भलामोठा कळप ते रिकाम्या खाचरांतून सोडत. सांडलेलं भात, गोगलगायी, किडे, जे सापडेल ते बदकं मिटक्या मारत खात. शेतं साफ होत, बदकांची पोटं भरत, आणि गावकरी खूश होऊन बदकवाल्यांना ताक पाजत. शेवटचं खाचर संपलं की कळप पुढच्या गावाची वाट धरी.

एका वर्षी कळप गेल्यावर बुरूडीण पेंढा गोळा करायला खाचरात गेली. पेंढ्यात तिला एक अंडं सापडलं.

"चला, आयती पोळी झाली," असं म्हणत ती घरी आली आणि तिनं तवा तापवला. अंडं फोडायला हात उचलला, तोच आतून आवाज आला, टक.

तिनं अंडं कानाशी धरलं. टक, टक.

"अगं बया, आत कुणीतरी आहे!" ती तव्याला म्हणाली, आणि तवा खाली उतरवला.

दुपारपर्यंत अंडं तडकलं. आतून एक ओलं, पिवळं, केविलवाणं पिल्लू बाहेर आलं. त्यानं डोळे उघडले, समोर बुरूडीण पाहिली आणि ठरवून टाकलं, की हीच आपली आई. पिल्लाला दोष देण्यात अर्थ नाही. समोर दुसरं कुणी नव्हतंच.

झालं! बुरूडीण पुढे आणि पिल्लू मागे. ती विहिरीवर, तर ते विहिरीवर. ती बाजारात, तर ते तिच्या डोक्यावरच्या टोपलीत. त्याचे पाय भाकरीसारखे पसरट होते, म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं फताड्या. ती क्षणभर नजरेआड झाली तरी फताड्या असा आकांत करायचा, की गल्लीला वाटावं कुणी गचकलं. बांबू तोडायला रानात जायची पंचाईत झाली. शेवटी तिनं पितळी ताट चिंचेनं लख्ख घासलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. ताटात फताड्याला दुसरं पिल्लू दिसलं. तो त्याच्याशी तासन्‌तास बोलायचा, त्याला टेकून झोपायचा. मधेच उठून ताटाच्या मागं जायचा आणि तिथं कुणीच नाही हे पाहून गप्प होऊन परत यायचा.

फताड्या थोडा मोठा झाला तेव्हा गावातले शहाणे म्हणू लागले, "घरात काय कोंडतेस त्याला? माशाच्या पिल्लाला पोहायला कुणी शिकवतं का? टाक तळ्यात!"

बुरुडिणीला ते पटलं. तिनं फताड्याला तळ्यात सोडलं. पहिल्यांदा तो मजेत पाय मारू लागला. पण बघता बघता त्याची पिसं भिजून चिंब झाली, अंग जड झालं आणि तो बुडू लागला. बुरुडिणीला पोहता येत नव्हतं, आणि पाण्याची तिला अशी धास्ती, की घोट्याच्या वर पाणी ती कधी येऊ देत नसे. तिनं हातातली टोपली लांबवली आणि कसंबसं त्याला काठावर ओढलं. मग चुलीपाशी बसून ती त्याला पदराखाली धरून राहिली. तिचे ओठ हलत होते. ती देवाला विनवत होती की शिव्या देत होती, ते देवालाच ठाऊक.

शेजारच्या तेलिणीनं डोकं चालवलं. "अगं, बदकिणीच्या पंखाखाली बसून पिलांच्या अंगाला तिचं तेल लागतं, म्हणून ती भिजत नाहीत. ह्याला आई कुठाय? थांब, तेल माझ्याकडे रगड आहे." आणि तिनं फताड्याला घाण्यावरचं करडईचं तेल डोक्यापासून पायापर्यंत चोपडलं. फताड्या कढईत सोडायच्या आधीच्या भज्यासारखा दिसू लागला. कुणाच्या हातात तो ठरेना. रिठ्याच्या पाण्यानं ते तेल काढता काढता दोघी इतक्या हसल्या, की कित्येक वर्षं एकमेकींशी धड बोललो नाही हे त्या विसरूनच गेल्या.

पुढे फताड्याला पांढरी शुभ्र पिसं आली. शेपटीजवळचं तेल चोचीनं अंगाला लावायला तो आपलं आपणच शिकला. आता पाणी त्याच्या पाठीवरून ओघळून जाई. तरी तो पाण्यात जायचा तो बुरूडीण बांबूच्या कामट्या भिजवायला उभी असेल तिथंच, तिच्या घोट्यापाशी. त्याच्या पुढे नाही.

"बदकवाले येऊ देत, हे ध्यान त्यांना देऊन टाकते," बुरूडीण वर्षभर म्हणत होती. "डोक्याचा ताप तरी जाईल."

भात कापून झालं आणि बदकवाले आले. बुरुडिणीनं फताड्याला उचललं, सगळ्या गावादेखत कळपाच्या मधोमध नेऊन ठेवलं आणि ती म्हणाली, "जा रे बाबा, तुझी माणसं आली."

कळपानं फताड्याकडे पाहिलं. त्याच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि ओल्या बांबूचा वास. हा कुठला आपला? बदकं चोची परजून त्याच्यावर तुटून पडली. फताड्या पडत, धडपडत, किंचाळत पळाला आणि बुरुडिणीच्या लुगड्यात घुसला. त्याच्या मानेवर रक्त आलं होतं.

एक बदकवाला म्हणाला, "आजी, याला आता आपण बदक आहोत हेच ठाऊक नाही. राहू दे तुमच्याकडेच. सुखात राहील."

"राहू दे मग. मी काय करणार!" बुरूडीण म्हणाली. तोंड तिनं वाकडं केलं, पण मनातून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. फताड्या आपलाच राहणार! त्या दिवशी तिनं त्याला भिजवलेले तांदूळ वाढले ते पोटभरीच्याही वर.

दिवस मावळायला आला. तळ्यापलीकडे कळप गोळा होऊ लागला आणि बदकं एकमेकांना हाका मारू लागली, पॅक, पॅक! फताड्या दारात आला. त्यानं मान ताणली आणि उत्तर दिलं. पलीकडून पुन्हा हाक आली, त्यानं पुन्हा उत्तर दिलं. तो पायरी उतरला, थांबला, परत वर चढला, पुन्हा उतरला. वाढलेल्या तांदळाकडे त्यानं पाहिलंही नाही.

बुरूडीण बघत राहिली. हाक त्याला कळत होती, जायचं कसं तेवढं कळत नव्हतं. तिला राग आला. आपण ह्याच्यासाठी एवढं केलं आणि ह्याला ते पलीकडचे गोंगाटखोर हवेत! रागारागात तिनं हातातली कोरडी कामटी वाकवली. कामटी काड्‌कन मोडली.

मोडक्या कामटीकडे पाहून ती स्वतःलाच म्हणाली, "जन्म गेला माझा बांबू वाकवण्यात. कोरडी कामटी एकदम वाकवली की मोडते. ती भिजवायची, रोज थोडी थोडी वाकवायची. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि ह्या जिवाला मात्र मी एकदम पाण्यात टाकलं, एकदम कळपात टाकलं! वर म्हणते, ह्याला जमत नाही!"

दुसऱ्या दिवशी कोयता, कामट्या आणि फताड्या घेऊन ती खाचरात गेली. कळपापासून बरंच लांब बसली आणि टोपली विणू लागली. फताड्या तिला चिकटून बसला. रोज ती थोडी जवळ सरकायची. बदकांना तिची सवय झाली, मग फताड्याची झाली. एक दिवस एक बदक येऊन फताड्याच्या शेजारचा किडा खाऊन गेलं आणि त्याला चावलं नाही. बुरुडिणीला एवढा आनंद झाला, की त्या दिवशीची टोपली वाकडी झाली.

पण खाचरं संपत आली होती. एका सकाळी बदकवाला म्हणाला, "आजी, उद्या आम्ही निघणार. वाटेत नदी आहे, तलाव आहेत. जमिनीवर हा कळपात मिसळतो, पण पाण्यात येत नाही. असा अर्धवट नेला तर काठावरच राहील आणि कोल्ह्याच्या तोंडी जाईल."

कळप तळ्यात उतरला. फताड्या बुरुडिणीच्या घोट्यापाशी थांबला. कळप आत गेला. फताड्यानं एकदा कळपाकडे पाहिलं, एकदा बुरुडिणीकडे. ती जिथं थांबली, तिथं तो थांबला होता. आजवर तो असाच थांबत आला होता, हे तिला त्या घटकेला उमगलं.

तिनं पदर कमरेला खोचला आणि पाण्यात पाऊल टाकलं.

"अगं, पुढं खोल आहे!" तेलीण काठावरून ओरडली.

"मला डोळे आहेत!" बुरूडीणही ओरडली, आणि पुढे गेली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. तिचे दात कडकड वाजत होते, ते काही फक्त गारठ्यानं नव्हे. पण शेजारी फताड्या होता. तो तरंगत होता, पाय मारत होता, तिच्या बरोबरीनं येत होता. सगळा गाव काठावर जमला.

कळपातला दांडगा नर मान खाली घालून फताड्याच्या अंगावर आला. बुरूडीण मधे उभी राहिली. "का रे ए टग्या! पाहुणा दारात आला तर पाणी विचारतात की चोच मारतात? घरी हेच शिकवलं का तुला?" तिची ती जीभ! गावातली भली भली माणसं जिच्यापुढे टिकली नाहीत, तिच्यापुढे बदक काय टिकणार? तो थबकला, दोन गिरक्या मारून आपल्या वाटेनं निघून गेला. काठावर हशा पिकला.

तेवढ्यात बाजूच्या बदकांनी डोकी पाण्यात बुडवून शेपट्या वर केल्या. फताड्यानं पाहिलं. त्यानंही डोकं बुडवलं, शेपटी वर केली आणि चोचीत शेवाळ घेऊन वर आला. स्वतःवरच तो इतका खूश झाला, की पंख फडफडवत सरळ कळपात घुसला. कुणी त्याला चोच मारली नाही. जरा वेळानं बुरूडीण शोधू लागली, तर एवढ्या पांढऱ्यांत तिचा पांढरा कुठला, ते तिलाच ओळखता येईना. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून ती हसत होती आणि रडत होती.

दुसऱ्या दिवशी कळप बांधावरून निघाला. सगळा गाव बघायला आला. रांगेत मधेच फताडे पाय आपटत तो चालला होता.

तेलीण गहिवरून म्हणाली, "एक हाक तरी मार गं. शेवटचं बघेल तुझ्याकडे."

आपण हाक मारली तर तो नुसता बघणार नाही, धावत येईल, हे बुरुडिणीला पक्कं ठाऊक होतं. जिची जीभ कधी कुणापुढे थांबली नव्हती, तिनं त्या दिवशी पदराचा बोळा दातांत घट्ट धरला. कळप बांध चढला. फताड्या बांध चढला. सगळ्यांचे डोळे त्याच्या मानेवर होते. तो शेजारच्या बदकाशी काहीतरी बोलत होता. बोलता बोलता तो पलीकडे उतरला आणि दिसेनासा झाला.

बुरुडिणीनं तोंडातला पदर काढला, दोन्ही हात आभाळाकडे उंचावले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "नाही पाहिलं! पठ्ठ्यानं एकदाही मागं वळून नाही पाहिलं!"

मग तिनं आपली सगळ्यात देखणी टोपली गुळानं भरली आणि घरोघर जाऊन गूळ वाटला.

तात्पर्य: ज्याला जीव लावला त्याला धरून ठेवणं सोपं असतं, आणि ढकलून देणं तर त्याहून सोपं. खरी माया त्याच्याबरोबर पाण्यात उतरते, आणि त्याला पोहता आलं की हाक न मारता काठावर परत येते.